हिशेब जुना, पडदा नवा

पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी पतसंस्था, नागरी बँका आणि साखर कारखाने संगणकावर आले ते क्लिपर आणि फॉक्सप्रोचं बोट धरून. त्याच सुमारास पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत अमेरिकेतल्या विमा कंपन्यांचे कोबॉल आणि आरपीजीतले प्रोग्राम सांभाळणारी पिढी तयार झाली. माझी नोकरी या दुसऱ्या गटातली आणि गावाकडची कामं पहिल्या गटातली, त्यामुळे दोन्हीकडचा कोड हाताखालून गेला. एक प्रश्न मात्र दोन्हीकडे यायचाच, कधी संचालक मंडळाकडून, कधी परदेशी मॅनेजरकडून : "हेच सगळं ब्राउझरमध्ये दिसेल का?"

दिसेल. पण कोणत्या फ्रेमवर्कमधून, यावर पुढची वर्षं कशी जाणार ते ठरतं. तुलना करायला बसलं की लोक नवा पडदा किती देखणा आहे ते बघतात. मी वेगळं बघतो. जुन्या प्रोग्रामने वापरणाऱ्याबद्दल, यंत्राबद्दल आणि वेळेबद्दल काही गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. त्या गृहीतकांचं हे फ्रेमवर्क काय करतं? खालचे मुद्दे याच प्रश्नातून निघालेत.

१. आधी वाट ठरवा, मग फ्रेमवर्क

वाटा तीन. पहिलीत जुना पडदा जसाच्या तसा पकडून त्याचं एचटीएमएल करतात. आयबीएमचं 'हॅट्स' हेच करतं. समोर टर्मिनल नसून ब्राउझर आहे हे मूळ प्रोग्रामच्या गावीही नसतं. दुसरीत जुन्याच भाषेत वेबचा कोड लिहितात : आरपीजीसाठी सीजीआयडेव्ह-२, फॉक्सप्रोसाठी वेस्ट विंड वेब कनेक्शन, क्लिपरचा वारसा चालवणाऱ्या हार्बरसाठी अपाचेमध्ये बसणारं मॉड-हार्बर. तिसरीत जुन्या प्रोग्रामचं फक्त गणित ठेवायचं, त्याला जेसन देणारी-घेणारी सेवा करायचं आणि पडदे नव्या भाषेत नव्याने बांधायचे. मेनफ्रेमवर झेड-ओएस कनेक्ट आणि आरपीजी जिथे चालते त्या आयबीएम आयवर इंटिग्रेटेड वेब सर्व्हिसेस सर्व्हर यासाठी आहेत.

हॅट्स आणि वेब कनेक्शन एकाच तक्त्यात मांडण्यात अर्थ नाही. पहिली वाट सगळ्यांत लवकर संपते, पण एफ-३ म्हणजे बाहेर आणि एफ-१२ म्हणजे मागे हे ज्याला पाठ आहे त्याच्यासाठीच ती बरी. ग्राहक येणार असेल तर ती सोडा. दुसरी वाट हाताशी असलेल्या माणसांवर निभते. तिसरीला दोन प्रकारची माणसं लागतात आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न तंत्राचा नसतोच : वापरणार कोण आणि सांभाळणार कोण?

२. हिरवा पडदा लक्षात ठेवतो, वेब विसरतो

फॉक्सप्रोत क्लार्कने खातं उघडलं की टेबल उघडं राहतं, रेकॉर्ड पॉइंटर त्या खात्यावर थांबतो आणि आरलॉक() ने ते रेकॉर्ड कुलूपबंद होतं. क्लार्क चहाला गेला तरी सगळं जागच्या जागी. आरपीजीत अपडेटसाठी उघडलेल्या फाइलवर 'चेन' केलं की तोच प्रकार. जुन्या पडद्याशी बोलणं म्हणजे चालू ठेवलेला फोन. वेब म्हणजे पोस्टकार्डं. प्रत्येक कार्डावर आपण कोण आणि मागे काय ठरलं होतं, ते पुन्हा लिहायचं.

माणूस ब्राउझर बंद करून निघून गेला तर सर्व्हरला पत्ताही लागत नाही, म्हणून वेबवर रेकॉर्ड धरून बसता येत नाही. वाचताना रेकॉर्डच्या शेवटच्या बदलाची वेळ सोबत पाठवायची, लिहिताना ती तशीच आहे का ते तपासायचं, आणि मधे कुणी हात लावला असेल तर "खात्यात बदल झाला आहे, पुन्हा उघडा" असं सांगून थांबवायचं. हे काम फ्रेमवर्क स्वतः करतं की प्रोग्रामरच्या गळ्यात टाकतं? विक्रेत्याला मी सगळ्यांत आधी हे विचारतो, कारण माहितीपत्रकात याचा उल्लेख नसतो.

३. आरपीजीत विचारा : जॉब कुणाचा?

आरपीजीचा प्रोग्राम 'एक्सएफएमटी' या सूचनेवर थांबतो. पडदा दाखवतो, एंटरची वाट बघतो, मग पुढच्या ओळीवर जातो. २०१० साली आयबीएम आय ७.१ च्या सोबतीने आलेल्या ओपन ॲक्सेसमुळे ही सूचना न बदलता तिचा रोख टर्मिनलऐवजी दुसऱ्या हँडलरकडे वळवता येऊ लागला. प्रोफाउंड यूआयसारखी उत्पादनं याच सोयीवर उभी आहेत. प्रोग्रामची रचना तशीच राहते, फक्त एंटर ब्राउझरमधून येतो. बदल्यात प्रत्येक माणसामागे सर्व्हरवर एक जॉब जिवंत ठेवावा लागतो. कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी हे झकास. बाहेरच्या हजारो ग्राहकांसाठी मी ते सुचवणार नाही.

सीजीआयडेव्ह-२ याच्या अगदी उलट. आयबीएमच्या मेल रॉथमन यांनी लिहिलेली आणि इटलीतल्या जोव्हानी पेरोत्ती यांनी ईझी-४०० मार्फत जगभर पोहोचवलेली ही लायब्ररी फुकट मिळते, तीही सोर्ससकट. एचटीएमएल वेगळ्या फाइलीत असतं, त्यात रिकाम्या जागा ठेवलेल्या असतात आणि आरपीजी प्रोग्राम त्या भरतो. आरपीजी जाणणाऱ्याला नवीन शिकायचं ते एचटीएमएलपुरतं.

एक खाच मात्र ध्यानात ठेवावी. एकच सीजीआय जॉब एकामागून एक वेगवेगळ्या लोकांची कामं करतो. नाव दिलेल्या ॲक्टिव्हेशन ग्रुपमधला प्रोग्राम एलआर इंडिकेटर चालू न करता परतला, तर त्याच्या व्हेरिएबलमध्ये मागच्या माणसाच्या किमती तशाच राहतात. चाचणीला एकटा प्रोग्रामर बसला असेल तर हे कधीच उघडकीला येत नाही. म्हणून माझ्याकडे चाचणी कायम दोन ब्राउझरमधून, दोन वेगळ्या खात्यांवर आणि आलटून-पालटून होते. अगदी नव्याने सेवा लिहायच्या असतील तर आयएलईस्टिक हे खुल्या सोर्सचं फ्रेमवर्क बघावं. त्यात आरपीजी प्रोग्रामच छोटा वेब सर्व्हर होतो.

४. कोबॉल म्हातारं, पण वेबच्या सगळ्यांत जवळचं

नवख्यांना हे पटत नाही. मेनफ्रेमवर कोबॉलचे पडद्यावरचे प्रोग्राम चालवणारं सीआयसीएस १९६९ सालचं. तेव्हा मेमरी महाग होती, प्रत्येक टर्मिनलसाठी एकेक प्रोग्राम थांबवून ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यातून 'स्यूडो-कन्व्हर्सेशनल' पद्धत रुजली : पडदा पाठवायचा, लक्षात ठेवायचं ते कॉमएरियात ठेवायचं आणि प्रोग्राम संपवून टाकायचा. एंटर आला की नवी फेरी सुरू, कॉमएरिया वाचून पुढे. ३२७० टर्मिनलही एकेक अक्षर पाठवत नसे, भरलेला पडदा एकदम पाठवत असे. फॉर्म भरा, सबमिट करा, सेशनमधून मागचं उचला : यात नवीन काय राहिलं?

कॉमएरियाला ३२ केबीची मर्यादा होती. २००५ च्या सीआयसीएस टीएस ३.१ मध्ये चॅनल आणि कंटेनर आले, वेब सर्व्हिसेसही आल्या आणि ती अडचण सुटली. त्यामुळे ज्या प्रोग्राममध्ये पडद्याचा कोड आणि गणिताचा कोड वेगळे लिहिलेत, ते तिसऱ्या वाटेने सहज बाहेर येतात. जिथे दोन्ही एकात मिसळलेत, तिथे आधी ते वेगळे करण्याचे पैसे मागा, फ्रेमवर्कचे नंतर.

इथेच पैशांची एक मेख आहे. कोबॉल आणि आरपीजी रक्कम पॅक्ड डेसिमलमध्ये ठेवतात. पैसा तिथे पैसाच असतो. जावास्क्रिप्टची साधी संख्या फ्लोटिंग पॉइंटची, तिथे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ होत नाही. रक्कम जेसनमधून मजकूर म्हणून पाठवा किंवा पूर्णांकी पैशांत पाठवा, आणि व्याज, गोळाबेरीज, पूर्णांकन जुन्या प्रोग्रामकडेच राहू द्या. पडद्याने फक्त दाखवायचं. जे फ्रेमवर्क रक्कम परस्पर फ्लोट करून टाकतं, ते माझ्या यादीतून तिथेच बाद होतं.

५. सर्व्हरवर ओके दाबायला कुणी बसलेलं नसतं

फॉक्सप्रोच्या जुन्या कोडमध्ये गणिताच्या मधोमध मेसेजबॉक्स() असतो : "शिल्लक कमी आहे, पुढे जाऊ?" डेस्कटॉपवर समोर माणूस असतो. वेबवर हाच संवाद सर्व्हरवर उघडतो आणि ती प्रोसेस तिथेच गोठते. म्हणून कॉम ईएक्सईत सिस(२३३५, ०) लावून माणसाविना चालण्याची पद्धत सुरू करतात. मग संवाद उघडण्याऐवजी एरर येते आणि निदान दोष कुठे आहे ते कळतं. फ्रेमवर्क ठरवण्याआधी मी साऱ्या कोडमध्ये मेसेजबॉक्स आणि वेट विंडो शोधून मोजतो. त्या आकड्यावरून कामाचा जो अंदाज येतो, तो विक्रेत्याच्या सादरीकरणातून येत नाही.

आता तुलना. वेब कनेक्शन हवाईत राहणाऱ्या रिक स्ट्राल यांचं, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चालत आलेलं. विकासाच्या वेळी फाइलींमार्फत निरोप पोहोचवतं, त्यामुळे फॉक्सप्रोच्या डीबगरमध्ये ओळ न् ओळ बघता येते. प्रत्यक्ष वापरात कॉम पद्धतीने अनेक प्रती चालवतं. पडदे मात्र नव्याने लिहावे लागतात. फ्रान्समधलं फॉक्सइनक्लाउड आहे ते फॉर्मच वेबवर नेतं आणि दोन विनंत्यांच्या मधे फॉर्मची स्थिती सांभाळतं. शेकडो फॉर्म असतील तर हा मोह रास्त आहे, पण मूळ फॉर्म नीट वर्गांत बांधलेले असले तरच. ॲक्टिव्हव्हीएफपी खुल्या सोर्सचं, छोट्या कामाला पुरेसं.

तिन्हींच्या मुळाशी मर्यादा एकच : फॉक्सप्रोची एक प्रत एका वेळी एकच काम करते. वर्षअखेरची व्याज आकारणी एखाद्या प्रतीत लावली तर तेवढा वेळ ती प्रत गेली. चार प्रती असतील आणि चौघांनी मोठे अहवाल मागवले, तर पाचव्याला साधी शिल्लकही दिसत नाही. मोठी कामं पहिल्या दिवसापासून वेगळ्या रांगेत टाकायची.

६. डीबीएफ हलवणं हे वेगळं काम आहे

वेबवर जाताना डेटाबेसही बदलून टाकू, असं कुणी ना कुणी म्हणतंच. दोन्ही एकदम केलं की आकडा चुकला तर दोष कशाचा, हे सापडत नाही. डीबीएफ फाइलला २ जीबीची मर्यादा आहे हे खरं. पण वेबवर गेल्याने एक फायदा आपसूक होतो : पूर्वी प्रत्येक मशीन नेटवर्कवरून थेट सर्व्हरच्या फाइली उघडायचं, वीज गेली की इंडेक्स बिघडायचा. आता फाइली फक्त सर्व्हरवरचा प्रोग्राम उघडतो. ज्या संस्थांत रोज सकाळी रीइंडेक्सने सुरुवात व्हायची, तिथे ही कटकट बरीच कमी झालेली मी पाहिली आहे. त्यामुळे आधी पडदा, एक आर्थिक वर्ष नीट बंद होऊ द्या, मग एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेस. आयबीएम आयवर हा प्रश्नच नाही; डीबी-टू यंत्रातच आहे.

७. अक्षरांचा हिशेब आधी मिटवा

महाराष्ट्रात हा मुद्दा परदेशापेक्षा जड आहे. डॉसच्या काळात सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर मराठी चालायचं आणि मजकूर इस्की संकेतात साठायचा. पुढे विंडोजवर श्रीलिपी आणि इस्फॉकचे फाँट आले. इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात, त्यामुळे त्यांचं युनिकोड करणं सोपं. फाँटच्या संकेतात मात्र दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असतं : पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. नुसती एकास एक अदलाबदल केली तर 'शिवाजी' वाचता येत नाही आणि 'वर्षा' मोडते. क्रम फिरवण्याचे नियम लिहावे लागतात, आणि प्रत्येक फाँटच्या घराण्यासाठी वेगळे.

व्हिज्युअल फॉक्सप्रोला आतून युनिकोड कळत नाही, हार्बरमध्ये यूटीएफ-८ ची सोय आहे. तिकडे आयबीएम आयवर जुन्या फाइलींना सीसीएसआयडी ६५५३५ असतो, म्हणजे "रूपांतर करू नका". मग ब्राउझरमध्ये इबीसीडिकचा कचरा दिसतो. कोणतंही फ्रेमवर्क हे परस्पर सोडवून देत नाही. सभासदांच्या यादीतली सगळ्यांत अवघड जोडाक्षरांची नावं निवडा, ती साठवा, शोधा, अकारविल्हे लावा. मगच पुढे जा.

८. पासबुक आणि वजनकाटा विसरू नका

फॉक्सप्रोत तीन प्रश्नचिन्हं आणि सीएचआर(१५) लिहिलं की डॉट मॅट्रिक्सवर बारीक अक्षर सुरू. पासबुकाची ओळ नेमक्या जागी पडायची. ब्राउझर प्रिंटरला असे थेट संकेत देत नाही. त्याला पान कळतं, ओळ नाही. साखर कारखान्यात उसाच्या गाडीचं वजन काट्यावरून सिरियल पोर्टाने येतं, आणि ते हाताने टाकायची मुभा दिली की भांडणं सुरू होतात. दोन्ही ठिकाणी उपाय एकच : त्या मशीनवर बसणारा छोटा स्थानिक प्रोग्राम, जो ब्राउझरकडून निरोप घेतो आणि यंत्राशी बोलतो. तो कोण लिहिणार, विंडोज बदलल्यावर कोण दुरुस्त करणार, हे करारात यायला हवं.

९. कुलूप मेनूला होतं, दाराला नव्हतं

जुन्या व्यवस्थेत ज्याला जो मेनू दिसतो तेवढंच तो करू शकतो, एवढीच सुरक्षा होती. वेबवर पत्ता टाइप करून थेट आतल्या पडद्यावर जाता येतं, म्हणून प्रत्येक विनंतीला परवानगी पुन्हा तपासायला हवी. फॉक्सप्रोतला मॅक्रो, म्हणजे '&' हे चिन्ह, समोरून आलेला मजकूर कोड म्हणून चालवतो. आपल्या क्लार्कच्या हाती तो सोय होती, अनोळखी माणसाच्या हाती शस्त्र आहे. इव्हॅल्युएट() चंही तसंच.

आयबीएम आयवर सीजीआय प्रोग्राम मुळात क्यूटीएमएचएचटीपी१ या एकाच प्रोफाइलखाली चालतात. जुना प्रोग्राम "नोंद कुणी केली" हे जॉबच्या युजरवरून लिहीत असेल, तर सगळ्या नोंदींवर तेच नाव येतं. जिथे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, तिथे ही नियंत्रणाची पद्धतच कोसळते. लेखापरीक्षक विचारण्याआधी आपण विचारलेलं बरं.

१०. भाषेचं वय बघू नका, तिला वाली आहे का बघा

व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ डिसेंबर २००४ मध्ये आलं. मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती नाही असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये आधारही थांबला. प्रोग्राम आजच्या विंडोजवर चालतात, पण भाषेला मालक नाही. आरपीजी त्याहून कितीतरी जुनी, तरी आयबीएम तिला वाढवतं आहे. २०१५ पासून ती पहिल्या स्तंभापासून मोकळेपणाने लिहिता येते. म्हणून फॉक्सप्रोचं कोणतंही फ्रेमवर्क मी मुक्कामाचं ठिकाण मानत नाही, पुढच्या प्रवासातली सोय मानतो. आणि जिथे फ्रेमवर्कमागे एकच माणूस किंवा छोटी कंपनी आहे, तिथे सोर्स हातात असल्याशिवाय सही करत नाही.

११. नमुना सोपा नको

विक्रेते ग्राहक-यादी करून दाखवतात. यादी सगळ्यांनाच जमते. मी एकच व्यवहार करून मागतो, तोही सगळ्यांत कटकटीचा. पतसंस्थेसाठी : मुदतीआधी मोडलेली ठेव. कमी दराने व्याज, आधी दिलेल्या व्याजाची वजावट, तारण कर्ज असेल तर त्याची वसुली. त्याच खात्यावर दुसऱ्या ब्राउझरमधून दुसरा क्लार्क. मंजुरीच्या क्षणी नेटवर्कची वायर काढायची. ठेवीदाराच्या नावात जोडाक्षर. शेवटी पासबुकात छपाई आणि मंजुरी देणाऱ्याचं नाव नोंदीत.

दोन फ्रेमवर्कवर हाच व्यवहार करून घ्यावा आणि त्यासाठी पैसेही द्यावेत. फुकटचा नमुना नेहमी सोपा असतो. मग जुन्या कोडमधल्या किती ओळी न बदलता राहिल्या ते बघायचं आणि व्याजाचा नियम ज्याला तोंडपाठ आहे अशा सगळ्यांत जुन्या कर्मचाऱ्याला नवा कोड समजावून सांगायचा. त्याला तो नियम त्यात ओळखता आला, तर ते फ्रेमवर्क घ्यावं. नाही आला, तर पडदा कितीही देखणा असो, उद्या व्याजात एक रुपयाचा फरक पडला की तो कुठून आला हे सांगणारं कुणी उरणार नाही.